स्वस्ताईला घाबरणारा माणूस

मन्मथअप्पा बिरादार यांनी एकदा रक्तातली साखर तीन ठिकाणी तपासून घेतली. पहिल्या दोन ठिकाणचे आकडे जुळले, म्हणून ते तिसरीकडे गेले. जुळले नसते तर गेले नसते. दोन माणसं एकच गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचं आधी आपसात बोलणं झालेलं असतं, असा त्यांचा अनुभव होता. हा अनुभव त्यांना लातूरच्या आडत बाजाराने दिला होता.

अप्पा आमच्या दैनिकाच्या लातूर कार्यालयात बाजारभावाचं पान पाहत. स्वतःला ते पत्रकार म्हणवत नसत. कुणी विचारलं तर "मी भाव लिवतो" एवढंच सांगत. गाव देवणी तालुक्यातलं, कर्नाटकाच्या हद्दीला लागलेलं. घरी थोडी शेती. रागावले की त्यांना कानडी यायची, पण एकाच शब्दापुरती: "इल्ला." बातमी पटली नाही की कागद टेबलावरून परत सरकवत आणि म्हणत, "इल्ला." म्हणजे नाही. आमच्याकडे नव्याने आलेल्या उपसंपादकाला बाजार कळायला वर्ष लागायचं, हा शब्द पहिल्याच आठवड्यात कळायचा.

उंच, जरा पुढे वाकलेले. पांढरा सदरा, पायात जाड चपला. सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी तुरीचे चार-दोन दाणे असत. बोलता बोलता त्यातला एखादा दाताखाली फोडत. दाण्यात ओल किती आहे ते त्यांना त्यातून कळे. समोरच्याला त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नसे.

भाव छापण्याची त्यांची एक रीत होती आणि ती त्यांनी कधी मोडली नाही. देणारा, घेणारा आणि वाहणारा अशा तिघांना विचारायचं. देणारा म्हणजे शेतकरी, घेणारा म्हणजे व्यापारी, वाहणारा म्हणजे हमाल किंवा टेम्पोवाला. "देनारा कमी सांगतो, घेनारा जास्ती सांगतो," ते म्हणत. "वाहनाऱ्याला खोटं बोलायला टाइम नसतो. त्याच्या पाठीवर पोतं असतंय." तिसऱ्याला विचारल्याशिवाय आकडा पानावर चढत नसे. अंक छपाईला जायची वेळ टळली तरी चालेल, मुख्य कार्यालयातून ओरडा बसला तरी चालेल.

व्यापाऱ्यांचे फोन दुपारपासून सुरू होत. एक संवाद आम्ही इतक्यांदा ऐकला की तो पाठ झाला होता.

"अप्पा, आज तूर चढली बरं का. छापून टाका."

"कुनाची चढली?"

"समद्यांचीच की."

"समद्यांची चढली म्हंजी माजी बी चढली. माज्या घरी दोन पोती हाएत. पाठवून देऊ का आत्ता, त्याच भावानं?"

पलीकडून फोन ठेवला जाई.

एका डाळ मिलवाल्याने दिवाळीला मिठाईचा डबा पाठवला. अप्पांनी तो उघडलाही नाही. आम्हाला वाटलं, तत्त्वाचा माणूस. अप्पांनी खुलासा केला, "तत्त्व कसलं? गेली धा वर्सं ह्यानं कदी बत्तासा दिला न्हाई. यंदा डबा पाठिवला म्हंजी यंदाची डाळ बिघडलेली हाय." त्या वर्षी त्या मिलची डाळ खरोखर बिघडलेली निघाली की नाही, हे कुणी तपासलं नाही. डबा आम्ही खाल्ला. मिठाई चांगली होती.

चढत्या भावाविषयी अप्पांना संशय असे आणि तो ते मजेत बाळगत. पडत्या भावाविषयी त्यांना जे वाटे ते निराळं होतं. भाव पडल्याची बातमी आली की ते दाणे चघळत नसत, फोनवर कुणाची फिरकी घेत नसत. हा फरक आमच्या लक्षात यायला बराच काळ गेला.

करोनाची साथ ओसरली तेव्हाची गोष्ट. शाळा-कॉलेजं पुन्हा भरू लागली होती. ऑनलाइन वर्गांसाठी ज्यांना लॅपटॉप घ्यायचे होते त्यांचे घेऊन झाले होते. दुकानांतून माल पडून राहू लागला. त्या सुमारास आमच्या कार्यालयात नवे कॉम्प्युटर आले. गेल्या खेपेपेक्षा पुष्कळ स्वस्त पडले, असं व्यवस्थापक जागोजागी जाऊन सांगत होते. अप्पांच्या टेबलाशी आले तेव्हा अप्पांनी यंत्राकडे पाहिलं नाही, त्यांच्याकडे पाहिलं.

"कुनाचं गेलं?"

"कुणाचं काय गेलं अप्पा? आपला फायदा झाला."

"आपला झाला म्हंजी कुनाचं तरी गेलं. दुकानदाराचं गेलं, का कंपनीचं गेलं, का आत जे बसिवत्यात ते तयार करनाऱ्याचं गेलं?"

"आपल्याला काय करायचंय त्याचं?"

"ते ज्याचं गेलं त्याच्या घरी जाऊन इचारा."

व्यवस्थापक हसत पुढच्या टेबलाकडे गेले. अप्पा त्या दिवशी नव्या कॉम्प्युटरला बसले नाहीत. जुन्यावरच भाव लिहिले.

याचा उलगडा पुढे देवणीहून येताना बसमध्ये झाला. जनावरांच्या बाजाराची बातमी करून आम्ही परतत होतो. खिडकीबाहेर बघत, कुणी विचारलेलं नसताना, अप्पा बोलू लागले. त्यांचे थोरले भाऊ शिवाप्पा तरुणपणी नांदेडला एका सूतगिरणीत कामाला होते. महिन्याला घरी पैसे येत. एका वर्षी उदगीरच्या बाजारात कापड फार स्वस्त झालं. आईने एक अख्खा तागाच आणला.

"समद्या घराला एकाच ताग्यातलं कापड. मला पयल्यांदा दोन सदरे. आमी लई खूश. गल्लीत मिरवून आलो. आन् त्याच दिवाळीला दादा दारात हुबा. हातात पत्र्याची पेटी. गिरनीनं पाळ्या बंद केल्या हुत्या. कापडाला उठाव न्हाई, म्हनून सुताला उठाव न्हाई. दादानं पेटी खाली ठिवली आन् आमच्या अंगावरचं कापड बगत राहिला."

बस एका फाट्यावर थांबली, माणसं चढली, निघाली.

"नंतर जलमभर रानात खपला. पर त्याच्या हाताला सूत सोडून काय येत नव्हतं."

एवढं सांगून त्यांनी डोळे मिटले. औशाच्या जुन्या किल्ल्यावरच्या पुरवणीत पानभर मजकूर कमी पडतोय, असा फोन मला तेवढ्यात कार्यालयातून आला आणि विषय तिथेच राहिला.

पुढे माझी बदली नांदेडला झाली. अप्पा लातुरात, निवृत्तीच्या उंबरठ्यावर. मधून मधून त्यांचा फोन येई, तो तुरीबद्दल किंवा ओळखीच्या कुणाबद्दल. एके दिवशी त्यांनी विचारलं, "देशमुख, नांदेडात कॉम्प्युटरचा काय भाव चाललाय?"

"घ्यायचाय का?"

"घ्यायचा न्हाई. इचारून राहिलो."

आठवड्याने पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा आठवड्याने तोच. त्यानंतर कारण समजलं. त्यांची मुलगी शैलजा नांदेडातच इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर झाली होती आणि एका खासगी कॉलेजात तासिकेवर शिकवत होती, म्हणजे जेवढे तास शिकवेल तेवढाच पगार. तिला हैदराबादच्या पलीकडच्या एका कारखान्यातून नोकरीसाठी बोलावणं आलं होतं. कॉम्प्युटरमध्ये बसवायच्या मेमरी चिप तिथे तपासून, पट्ट्यांवर जोडून बाहेर पाठवल्या जात. तिने जायचं ठरवलं होतं. अप्पांचा जीव मात्र कॉम्प्युटरच्या दुकानांत अडकला होता. कॉम्प्युटर स्वस्त होत चालला आहे. मग त्याच्या पोटात जे बसतं ते बनवणाऱ्याचं काय होणार, आणि तिथे कामाला गेलेल्या मुलीचं काय होणार, याचा त्यांना छडा लावायचा होता. मुलीची तिथं रुजू व्हायची तारीख जवळ आली तसे ते स्वतःच नांदेडला आले.

वजिराबादेत इरफानभाईंचं दुकान आहे. विक्री आणि दुरुस्ती दोन्ही. कार्यालयाची यंत्रं त्यांच्याकडेच जात, त्यामुळे ओळख होती. मी अप्पांना तिथे नेलं आणि शैलजाच्या नोकरीचं सांगितलं. अप्पांनी काचेमागचा एक नवा लॅपटॉप दाखवला.

"हे उघडा."

"घेणार असले तर उघडतो अप्पा."

"परखी घातल्याबिगर पोतं घेत न्हाई कुनी." पोत्यात खुपसून तळाचा दाणा बाहेर काढायची लोखंडी नळी म्हणजे परखी. अप्पांनी बोटाने हवेत खुपसून दाखवली.

"हे पोतं नाही ना पण. नवीन पीस उघडला की जुना झाला."

"मग जुना उघडा."

इरफानभाई हसले. दुरुस्तीला आलेला एक लॅपटॉप त्यांनी पालथा घातला, स्क्रू काढले, झाकण उचललं. अप्पांनी चष्मा वर करून आत डोकावलं.

"काय अप्पा, दात बघून राहिले का लॅपटॉपचे?"

"बैलाचं वय दातावरनं कळतं. ह्याचं कशावरनं कळतं?"

इरफानभाईंनी आतून बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी काढली. तिच्यावर काळे चौकोन बसवलेले. "ही रॅम. मेमरी. तुमची पोरगी जिथं चाललीय, तिथं हेच बनतं."

अप्पांनी पट्टी तळहातावर घेतली आणि वजन अजमावतात तसा हात वरखाली केला.

"ह्याचा भाव कोन काढतो?"

"रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येतो. दिल्लीच्या होलसेलवाल्यांकडून."

"रोज?"

"कधी कधी दोपहरला पण बदलतो."

"आडतीसारखा?"

"एकदम. कॉम्प्युटरची किंमत महिना महिना हलत नाही. ह्याची रोज वर-खाली."

"दिल्लीवाल्याला कोन सांगतो?"

"बाहेर देशातले मोठे व्यापारी."

"आन् त्येंला?"

"अप्पा, कसम से, त्याच्या पुढचं मला माहीत असतं तर मी ह्या दुकानात बसलो असतो का?"

अप्पा हसले नाहीत. कॉम्प्युटर विकेनासे झाले की काय होतं, हे त्यांनी इरफानभाईंकडून तुकड्या तुकड्याने काढून घेतलं. कॉम्प्युटर कंपनी किंमत उतरवते, पण उतरवलेलं आपल्या खिशातून जाऊ नये म्हणून मेमरीवाल्याचा भाव पाडते. किंवा तेवढ्याच खोक्यात मेमरी कमी बसवते. दोन्हीकडून मार बसतो तो मेमरी बनवणाऱ्यावर.

"तुरीचं बी तसंच," अप्पा म्हणाले. "डाळ पडली की मिलवाला आपलं सोडत न्हाई, तुरीचं कापतो. तुरीला नाव नसतं. कुन्या रानातली, कोन पुसतंय?"

"ह्याला पण कोणी नाव नाही विचारत. नाव बाहेर, खोक्यावर. आत कुणाची का असेना."

"मग भाव लईच पडला तर ही मेमरीवाली मानसं काय करत्यात?"

"मशीन कमी चालवतात. माल कमी निघाला की मार्केट परत चढतं. दरवेळी असंच होतं. चढणार अप्पा, टेन्शन नका घेऊ."

"मशीन कमी चालिवत्यात," अप्पा म्हणाले. "म्हंजी पाळी बंद."

त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. मार्केट परत चढतं, हा भाग त्यांनी ऐकला की नाही, ते कळलं नाही.

तिथून आम्ही शैलजाच्या कॉलेजसमोरच्या उपाहारगृहात गेलो. ती दोन तासिकांच्या मधल्या वेळात आली. अंगाने लहान, चालण्यात घाई, बोलण्याची ढब सगळी बापाची. बसल्या बसल्या तिने अप्पांचा चेहरा पाहिला.

"अप्पा, एक आधीच सांगते. मी तुम्हाला विचारून नाही राहिले, सांगून राहिले."

"सांग की. मी ऐकूनच राहिलो. पर कारखाना बुडनार हाय."

"कोण म्हणतंय?"

"बाजार म्हन्तोय. कॉम्प्युटर पडलाय, मेमरी पडलीय. पाळ्या बंद हुतील. मंग पयलं कोनाला काढत्याल? नव्याला. परमुलखातल्याला. त्यात पोरीला."

"आणि इथं काय हाय? तास मिळाला तर पगार, न्हाई मिळाला तर घरी. उन्हाळाभर काय न्हाई. इथं पाळी रोजच बंद असते अप्पा. भोंगा वाजत न्हाई म्हणून तुम्हाला कळत न्हाई."

अप्पांनी कपातला चहा बशीत ओतला.

"मला एक सांगा," ती म्हणाली, "तुरीचा भाव पडला की शहाणा माणूस विकतो का भरून ठेवतो?"

"अडचन नसंल तर भरून ठिवतो."

"मग हे लोक पडत्या भावात माणसं भरून राहिलेत. बुडणारा भरतो का?"

"बुडनारा बी भरतो. शेवटचा डाव म्हनून."

"तुमच्यापुढं देव जरी उभा राहिला तरी त्याला म्हणाल, तुझ्यामागं कोण हाय ते आधी सांग."

"इचारायला काय जातंय?"

ती हसली नाही. "काका दारात उभे राहिले ते मलाबी माहीत हाय. आजीनं मला शंभरदा सांगितलंय. पण अप्पा, काका गिरणीत गेलेच नसते, तर काय झालं असतं? तुमची शाळा कुणाच्या पैशानं झाली?"

अप्पांनी बशी बाजूला सरकवली. तिने घड्याळ पाहिलं, पिशवी उचलली आणि उभी राहून म्हणाली, "तुमची ती रीत हाय ना. देणाऱ्याला विचारलं?"

"इचारलं. इरफानला."

"घेणाऱ्याला?"

"मी सवता गिऱ्हाईक हून लातुरात धा दुकानं फिरलो."

"आणि वाहणाऱ्याला?"

"न्हाई."

"मग छापू नका."

ती तासावर निघून गेली. अप्पांनी बशीतला चहा तसाच ठेवला. त्यांच्या रीतीने त्यांना कुणी अडवलं होतं ते पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी फोन करून त्यांनी सांगितलं की आपण मुलीबरोबर जात आहोत. कारखान्याच्या फाटकावर बसणार. मालाची ये-जा बघणार. ती पटली नाही तर मुलीला घेऊन परत येणार. मुलगी काय म्हणाली, असं मी विचारलं. "काय म्हनली न्हाई. सामान मात्र लई घेऊन राहिलीय," ते म्हणाले.

ती रुजू झाली त्या दिवशी दुपारी फोन आला. मागे वाहनांचे आवाज होते.

"देशमुख, कारखाना बंद हाय."

"बंद? माणसं नाहीत?"

"मानसं हाएत. बस भरून आली, आत गेली. शैलजा बी गेली. माल न्हाई. सकाळधरनं फाटकाम्होरच्या चहाच्या गाड्यावर बसलोय. एक ट्रक आत गेला न्हाई, एक भायेर आला न्हाई. हमाल न्हाई. वजनकाटा न्हाई. वजनकाटा नसलेला कारखाना असतो का कुठं? मानसं नुसती दाखवायला ठिवलीत."

"काहीच बाहेर पडलं नाही?"

"एक बारकी पांढरी गाडी गेली. डबा घेऊन गेल्यावानी. दुसरं काय न्हाई. पोरगी भायेर आली की तिला घेऊन संध्याकाळच्या गाडीला बसतो. तुमी तिच्या कॉलेजात सांगून ठिवा, तिची जागा दुसऱ्याला देऊ नका म्हनावं."

पुढचं शैलजाने नंतर सांगितलं. संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा अप्पा तिची बॅग घेऊन उभे होते. ती त्यांनी लॉजवरून आणली होती. तिने बॅग त्यांच्या हातातून घेतली नाही, खालीही ठेवू दिली नाही. त्याच चहाच्या गाड्यावर त्यांना बसवलं आणि विचारलं, दिवसभरात काय काय गेलं? अप्पांनी पांढऱ्या गाडीचं सांगितलं. ती म्हणाली, तोच माल. चिप म्हणजे बोटाच्या पेराएवढी. त्या एका गाडीत जेवढं गेलं तेवढ्यात नांदेड आणि लातूरच्या सगळ्या दुकानांतले कॉम्प्युटर भरून उरतील. त्या गाडीमागे दुसऱ्या गाडीत बंदूकवाला होता, तो तुम्हाला दिसला नाही का?

अप्पांना तो दिसला होता. तो दुसऱ्या कुणाचा तरी असेल, असं त्यांना वाटलं होतं.

"इल्ला," अप्पा म्हणाले.

जन्मभर त्यांनी माल म्हणजे पोतं, पोत्याखाली पाठ, पाठीखाली ट्रक, असाच पाहिला होता. ज्या मालाला उचलायला दोन माणसं लागत नाहीत तो माल त्यांच्या लेखी माल नव्हता. ते त्या रात्री मुलीला घेऊन गाडीत बसले नाहीत. पण तिच्या शब्दावर विसंबलेही नाहीत. दुसऱ्या सकाळी पुन्हा त्या चहाच्या गाड्यावर जाऊन बसले. पांढऱ्या गाडीचा ड्रायव्हर चहाला थांबतो, हे त्यांनी आदल्या दिवशीच हेरलं होतं. ड्रायव्हर तेलुगू. अप्पांकडे आडतीतली हिंदी आणि कानडीचा एकच शब्द. दोघांचं कसं जमलं ते शैलजालाही समजलं नाही. ड्रायव्हरने सांगितलं की पूर्वी दिवसाला एकच फेरी व्हायची, हल्ली एखाद्या दिवशी दुसरीही होते. अप्पांनी त्याला सकाळी विचारलं, दुपारी विचारलं आणि दुसऱ्या दिवशी परत विचारलं. उत्तर बदललं नाही.

मग त्यांनी मुलीला एवढंच सांगितलं, "राहा. पर भावाकडं बगू नको. गाडीच्या फेऱ्या बगत जा. कमी झाल्या की त्याच दिवशी फोन कर. दुसऱ्या दिवशी नको."

लातूर कार्यालयात ही हकिकत पोहोचली आणि "वजनकाटा नसलेला कारखाना" हा शब्दप्रयोग तिथे रूढ झाला. कामचुकार माणसाबद्दल तो वापरला जाई. अप्पांच्या समोरही वापरला जाई. अप्पा निवृत्त होईपर्यंत तो ऐकून घेत. आपण चुकलो असं ते कधी म्हणाले नाहीत. एकदाच म्हणाले, "फाटकावर बसलो नसतो तर ड्रायव्हर भेटला असता का?"

मधल्या एका वर्षी गाडीची दुसरी फेरी थांबली. त्या कारखान्याने काही कंत्राटी कामगार कमी केले. शैलजाचं नाव त्यात नव्हतं. तरी अप्पा पंधरवडाभर तिच्याकडे जाऊन राहिले. ती कामावर जायची, हे खोलीवर असायचे, आणि संध्याकाळी ती परत आली की तिच्या चेहऱ्याकडे आधी बघायचे आणि मग दार पुरतं उघडायचे. असं ती सांगते.

अप्पांना मी शेवटचं पाहिलं ते इरफानभाईंच्या दुकानात. मुलीकडे जायची गाडी नांदेडहून सुटते. गाडीला वेळ असला की ते स्टेशनवर न बसता दुकानात येऊन बसत. तोवर बाजार पार उलटला होता. जगभरातल्या मोठ्या कंपन्या त्यांच्या अवाढव्य यंत्रांसाठी मेमरी उचलत सुटल्या होत्या, व्हॉट्सॲपवरचा भाव रोज चढत होता आणि त्याच्या मागोमाग कॉम्प्युटरही महाग होत चालला होता. शैलजाच्या फाटकातून गाडी दिवसातून कितीदा बाहेर पडते ते आता अप्पा विचारत नसत. मला वाटलं, माणूस निर्धास्त झाला. तसं मी म्हणालोही.

"निर्धास्त कसला? स्वस्त हुतं तवा तिची पाळी जाती. महाग झालं की गिऱ्हाईक जातं. गिऱ्हाईक गेलं की पुन्यांदा स्वस्त हुतं."

त्याच वेळी एक गिऱ्हाईक दुकानात होतं. किनवटकडच्या एका आश्रमशाळेतले मास्तर. मुलगा इंजिनिअरिंगला लागला होता, त्याच्यासाठी लॅपटॉप बघायला आले होते. इरफानभाईंनी किंमत सांगितली. मास्तरांनी पुन्हा विचारली.

"मागच्या साली माझ्या साडूनं घेतला, तो कितीतरी कमी होता."

"मेमरी वाढली ना सर. मी काय करू? पुढच्या महिन्यात अजून वाढेल."

"मग थांबतो. कमी होईल कधी तरी." मास्तरांनी चप्पल पायात सरकवली आणि ते बाहेर पडले.

अप्पा उठले. त्या वयात माणूस जितक्या लवकर उठू शकतो त्याहून लवकर उठले आणि त्यांच्या मागे गेले. आम्ही काचेतून बघत होतो. फुटपाथवर त्यांनी मास्तरांना गाठलं. दार उघडंच असल्यामुळे बोलणं ऐकू येत होतं.

"घ्या मास्तर. महाग हाय तवर घ्या."

मास्तर थांबले. त्यांनी अप्पांकडे पाहिलं, मग काचेतून आमच्याकडे, मग पुन्हा अप्पांकडे.

"महाग आहे म्हणून घेऊ?"

"तुमी न्हाई घेतला, असं समद्यांनीच न्हाई घेतला, तर तिकडं मशीन बंद पडत्यात. पोरं घरी येत्यात. तुमच्या बी पोराला उद्या कुठं तरी कामाला लागायचंय का न्हाई?"

मास्तरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पांढरा सदरा, जाड चपला, हातात प्रवासाची पिशवी.

"काका," ते शांतपणे म्हणाले, "तुम्हाला ह्यात कमिशन किती मिळतं?"

मास्तर रस्ता ओलांडून गेले, पलीकडे रिक्षात बसले. अप्पा फुटपाथच्या कडेला तसेच उभे राहिले. आता आत येतील, असं आम्हाला वाटलं. ते आले नाहीत. चार दुकानं सोडून कॉम्प्युटरचं आणखी एक दुकान होतं. त्यातून एक बाई आणि तिची मुलगी रिकाम्या हाताने बाहेर पडत होत्या. अप्पांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि ते त्यांच्या दिशेने चालू लागले.